सीपीएम मशीन घरी आलं, आता पुढे?

सांध्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना कागदावर कधी कधी एक ओळ असते: ‘सीपीएम, दोन तास, दिवसातून तीनदा’. सीपीएम म्हणजे कंटिन्युअस पॅसिव्ह मोशन. रुग्णाने स्वतः जोर लावायचा नसतो. मोटर सांधा ठरवून दिलेल्या कोनांमध्ये हळूहळू वाकवते आणि सरळ करते, तासन्‌तास. मशीन पोचवायला आलेला माणूस पट्टे कसे बांधायचे ते दहा मिनिटांत दाखवून जातो आणि खरे प्रश्न तो गेल्यावर सुरू होतात. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं अस्थिशल्यतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून दिली आहेत. तुमच्या सर्जनने वेगळा आकडा लिहून दिला असेल तर इथला आकडा सोडा आणि त्यांचा पाळा.

प्रश्न: आईच्या उजव्या गुडघ्याचं सांधेबदलाचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले. काल मशीन आलं. दोन वेळा पाय बांधला, दोन्ही वेळा मांडीच्या मागे कड रुतते असं ती म्हणते. पाय नेमका कसा ठेवायचा?

कड रुतते याचा अर्थ बहुधा मांडीकडची दांडी आईंच्या मापापेक्षा लांब ठेवली गेली आहे. आधीच्या रुग्णाचं माप तसंच राहून जाणं ही यात सर्वांत नेहमीची चूक आहे.

माप असं घ्या. आईंना पाठीवर झोपवा. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला हाताला एक हाडाचा उंचवटा लागतो, तिथून गुडघ्याच्या सांध्याच्या रेषेपर्यंत टेप धरा. सांध्याची रेषा सापडत नसेल तर गुडघा किंचित वाकवून वाटीच्या खालच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना बोटांनी चाचपा. जिथे मऊ खळगा लागतो ती रेषा. हा सेंटिमीटरचा आकडा मांडीच्या दांडीवर लावायचा. दांड्या दोन असतात आणि दोन्हींवर आकडा सारखाच हवा. एक १ सेंटिमीटरने जरी पुढे राहिली तरी पाय तिरका वळतो आणि गुडघ्याच्या एका बाजूला ओढ बसते. नडगीकडची दांडी पाय ठेवल्यावर जुळवली तरी चालते: तळपाय पावलाच्या पाटीला पूर्ण टेकला पाहिजे, पण पाटीने पाय वर ढकलता कामा नये.

पाय ठेवण्याआधी मशीन रिकामं चालवून पूर्ण सरळ स्थितीत आणा आणि बंद करा. अर्धवट वाकलेल्या मशीनवर ताजा ऑपरेशनचा पाय चढवायला जाऊ नका. एकाने टाच आणि पोटरी, दुसऱ्याने मांडी खालून धरून पाय एकसंध उचलायचा. आता तीन गोष्टी पाहा. गुडघ्याची सांध्याची रेषा मशीनच्या बिजागरीच्या समोर आहे का? वाटी आणि पायाची बोटं छताकडे आहेत का? मांडीखालचा कापडी झोळा बसण्याच्या हाडापासून दोन-तीन बोटं दूर आहे का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर कड रुतणारच.

पट्टे घट्ट आवळण्याची हौस आवरा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाची एक गोटी लागते. तिच्याभोवती एक नस अगदी त्वचेलगत जाते, म्हणून तिथे पट्टा किंवा लोखंडी कड अजिबात टेकता कामा नये. पावलाच्या वरच्या भागात मुंग्या आल्या किंवा अंगठा वर उचलता येईना तर मशीन तिथेच थांबवा, पाय काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

गादी कडक हवी. मऊ गादीवर मशीनचं बूड खचतं आणि दर फेरीला ते पायथ्याकडे सरकत जातं. खाली प्लायवूडची फळी टाकली की बरंचसं काम होतं. उशाकडची बाजू ३० अंशांपेक्षा जास्त उचलू नका. बसतं झालं की कंबर पुढे घसरते, सगळं माप बदलतं आणि पुन्हा कड रुतायला लागते. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी असेल तर ‘रुतत नाही ना?’ असं विचारून भागणार नाही. प्रत्येक सत्रानंतर टाच, घोट्याची हाडं आणि मांडीची मागची बाजू डोळ्यांनी पाहा. दाबल्यावरही न जाणारी लाली दिसली तर पुढचं सत्र अस्तर वाढवल्याशिवाय नको.

प्रश्न: रिमोटवर पाच-सहा आकडे आहेत. फक्त ‘वाकवणं’ वाढवत गेलं तर चालेल का?

बाकीचे आकडे कळल्याशिवाय वाढवू नका. पहिला आकडा सरळ होण्याची मर्यादा, साधारण ०. दुसरा वाकण्याची मर्यादा. तिसरा वेग. चौथा थांबा, म्हणजे दोन्ही टोकांना किती सेकंद थांबायचं. पाचवा जोराची मर्यादा: पायाने विरोध केला तर किती विरोधाला मशीनने दिशा उलटवायची. शेवटचा सत्राची वेळ. काही मशीनवर ‘वॉर्म-अप’ असतं. त्यात पहिल्या काही फेऱ्यांत कोन थोडा थोडा वाढत ठरवलेल्या मर्यादेला पोचतो. सकाळच्या सत्राला ते जरूर वापरा, रात्रभराचा आखडलेला गुडघा थेट ९० अंशांत गेला की ओरडतो.

साध्या सांधेबदलानंतर बहुतेक ठिकाणी ० ते ३० किंवा ० ते ४० पासून सुरुवात होते आणि सोसेल तसं दिवसाला ५ ते १० अंश वाढवतात. पहिल्या तीन-चार दिवसांत घाई नको, याला दुखण्याखेरीज आणखी एक कारण आहे. सुरुवातीच्या दिवसांत गुडघा ४० अंशांपलीकडे वाकला की जखमेच्या कडेच्या त्वचेला मिळणारा प्राणवायू कमी होतो, असं मोजमापांत दिसलं आहे. जखम ओली असेल, टाक्यांतून पाणी येत असेल तर कोन वाढवणं थांबवा आणि आधी जखम दाखवा.

वाढवताना एकदम १० नको. सत्राच्या मध्यावर, पाय सैल झाल्यावर, ५ अंश वाढवा आणि चार-पाच फेऱ्या तिथेच राहू द्या. ताण जाणवला तर ठीक. चेहरा आक्रसला, श्वास रोखला गेला, कंबर उचलली गेली तर ५ मागे या.

वेगाचा हिशोब सोपा आहे. समजा वेग मिनिटाला ६० अंश आहे आणि मर्यादा ० ते ९०. जाऊन-येऊन १८० अंशांचा प्रवास, म्हणजे एक फेरी ३ मिनिटांची. दोन तासांत ४० फेऱ्या. टोकांना ५-५ सेकंदांचा थांबा ठेवलात तर ३८च्या आसपास. वेग दुप्पट केल्याने गुडघा दुप्पट लवकर मोकळा होत नाही. स्नायू सावध होतात आणि मशीनशी झुंजायला लागतात, एवढंच होतं. सुरुवातीला एका फेरीला २ ते ४ मिनिटं लागली तर ती गती चांगली.

वेदनाशामक गोळी लिहून दिली असेल तर सत्राआधी पाऊण तास घ्या. सत्र संपल्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं. बर्फ थेट त्वचेवर नको. टाक्यांभोवतीची कातडी बधिर असते, भाजल्यासारखी इजा झाली तरी कळत नाही.

प्रश्न: मशीन १०० दाखवतं. परवा फिजिओथेरपिस्टनी मोजलं तर ८६च! मशीन बिघडलंय की त्यांचं मोजणं चुकलं?

दोन्ही बरोबर असू शकतात. मशीन स्वतःच्या बिजागरीचा कोन दाखवतं, तुमच्या हाडांचा नाही. मधे कापडी झोळे आहेत, त्यांत मांडीचं आणि पोटरीचं मांस दबतं. वर जाताना मांडी झोळ्यातून थोडी उचलली जाते, कंबर तिरकी होते, टाच पाटीवरून अर्धा-एक सेंटिमीटर सरकते. अशा पाच-सहा लहान चोऱ्यांतून १० ते १५ अंश सहज गळतात. पाय जाड असेल किंवा मांडीचं माप चुकलं असेल तर आणखी.

म्हणून वहीत मशीनचा आकडा लिहून समाधान मानू नका. आठवड्यातून दोनदा खरा कोन घ्या. प्लास्टिकचं कोनमापक असेल तर त्याचा मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या हाडावर, एक पट्टी खुब्याच्या उंचवट्याच्या रोखाने, दुसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या रोखाने. कोनमापक नसेल तर त्या तीन जागी पेनाने ठिपके काढा, कुणाला तरी गुडघ्याच्या उंचीवर, बरोबर बाजूने फोटो काढायला सांगा आणि फोटोवर कोन मोजा. तिरका काढलेला फोटो खोटं बोलतो. मोजताना पाय मशीनमध्ये नको. पलंगावर टाच सरकवत स्वतः जेवढा वाकवता येईल तेवढा वाकवा. हा तुमचा कमावलेला आकडा.

दोन आकड्यांतला फरक कायम राहत असेल, आज १४, पुढच्या आठवड्यातही १४, तर काळजी नाही. मशीनचा आकडा चढतोय आणि खरा आकडा जागचा हलत नाही असं झालं तर मशीन कंबर हलवतंय, गुडघा नाही. तेव्हा माप पुन्हा घ्या आणि बिजागरी जुळवा.

कुठवर जायचं हे कळण्यासाठी ढोबळ अंदाज: सपाट चालायला ६५ अंशांच्या आसपास पुरतात, जिना चढायला ८५ लागतात, उतरायला ९०च्या वर, आणि नेहमीच्या उंचीच्या खुर्चीतून हात न टेकता उठायला ९५ ते १०५.

प्रश्न: गुडघा ९५पर्यंत वाकतो, पण पूर्ण सरळ होत नाही. १० अंश राहतातच. मशीन ०वर आणून जास्त वेळ ठेवू का?

नका ठेवू, त्याने काही साधणार नाही. सीपीएमची सगळ्यांत कच्ची बाजू हीच. झोळ्यात पोटरी आणि मांडी खाली दबतात आणि गुडघा वर अधांतरी राहतो, त्यामुळे मशीन ० दाखवत असताना खरा गुडघा ५ ते १० अंश वाकलेलाच असतो. वाकवण्याचं काम मशीनवर सोपवता येतं, सरळ करण्याचं तुमच्याकडेच राहतं. आणि राहिलेले १० अंश चालताना फार महाग पडतात. पाय आखूड असल्यासारखी चाल होते, मांडीचा स्नायू प्रत्येक पावलाला भार झेलत बसतो आणि लवकर थकतो.

मशीनमधून पाय काढल्यावर लगेच, सांधा सैल असतानाच, टाचेखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवा. उंची इतकी हवी की पोटरी आणि गुडघ्याची मागची बाजू गादीला टेकणार नाही. तसंच १० मिनिटं पडून राहा, वजनाने गुडघा आपोआप खाली जातो. दिवसातून तीन-चारदा. त्याच स्थितीत मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघ्याची मागची बाजू खाली दाबायची, ५ सेकंद धरायचं, सोडायचं. १० वेळा. सत्राच्या आधी आणि नंतर घोटा वर-खाली २०-३० वेळा हलवा, पोटरीतलं रक्त खेळतं राहतं.

गुडघ्याखाली उशी मात्र काढून टाका. उशीने बरं वाटतं हे खरं, कारण थोड्या वाकलेल्या गुडघ्यात सूज सामावायला जागा मिळते. पण रात्रभर त्या स्थितीत राहिलेला गुडघा तसाच आखडायला शिकतो. पाय उंच ठेवायचाच असेल तर आधार टाचेपासून पोटरीपर्यंत द्या. गुडघा मोकळा राहू दे.

प्रश्न: सत्राच्या मध्येच मशीन थांबतं, कधी उलट दिशेला फिरतं. दुरुस्तीवाला म्हणतो मशीन ठीक आहे.

तो खरं सांगत असावा. दिशा उलटणं हा बिघाड नसून सुरक्षा आहे, मशीनला अपेक्षेपेक्षा जास्त विरोध लागला की ते मागे फिरतं. प्रश्न असा की विरोध कुठून येतो? क्रमाने शोधा.

पाय काढा आणि मशीन रिकामं १० फेऱ्या चालवा. रिकामं असतानाही त्याच कोनात अडखळत असेल तर मात्र बिघाड आहे, किंवा चादरीचा कोपरा, रिमोटची वायर, पलंगाची कड रुळात अडकते आहे. रिकामं सुरळीत चालत असेल तर विरोध पायाचा. जोराची मर्यादा फार खाली आहे का पाहा, भारी पायाला ती एक पायरी वर लागते. ती एकदम शेवटच्या पायरीवर नेऊ नका, नाहीतर स्नायू आकडी येऊन आवळला तरी मशीन ढकलत राहील. नंतर मापं. नडगीची दांडी आखूड असेल तर वाकताना पाटी पायाला वर ढकलते आणि नेमकं शेवटच्या २० अंशांत मशीन उलटतं. तिसरं कारण रुग्ण स्वतः. भीतीने किंवा झोपेतून दचकून मांडी आवळली की झालं. अशा वेळी कोन १० अंश खाली, वेग निम्मा, आणि रिमोट रुग्णाच्याच हातात. थांबवण्याचं बटण आपल्या अंगठ्याखाली आहे हे कळलं की पाय सैल पडतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

दररोज पहिल्या फेरीला ते बटण दाबून पाहा. मशीन ताबडतोब थांबलं नाही तर त्यात पाय घालू नका. एखादा चूक-संकेत दिसला तर पाय काढून प्लग काढा, अर्ध्या मिनिटाने पुन्हा लावा. तोच संकेत परत आला तर बोलवा दुरुस्तीवाल्याला. प्लग अर्थिंग असलेल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये हवा, लोंबणाऱ्या एक्स्टेन्शनवर नको.

प्रश्न: एक डॉक्टर म्हणाले सीपीएम हवंच, दुसरे म्हणाले काही गरज नाही. कुणाचं ऐकावं?

दोघांच्याही म्हणण्यामागे काहीतरी आहे.

कॅनडातल्या टोरोंटोचे अस्थिशल्यतज्ज्ञ रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७०च्या सुमारास ही कल्पना मांडली. त्या काळी ऑपरेशन झालेला सांधा प्लास्टरमध्ये आठवडेच्या आठवडे स्थिर ठेवत. सॉल्टर यांच्या चमूने सशांच्या गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, छिद्रं पाडली आणि काही सशांचे सांधे प्लास्टरमध्ये, काहींचे पिंजऱ्यात मोकळे, काहींचे मशीनवर सतत हलते ठेवले. हलत्या सांध्यांतली कूर्चा सगळ्यांत चांगली भरली. हे निष्कर्ष १९८०मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधीच, १९७८मध्ये, जॉन सॅरिंजर या अभियंत्याबरोबर माणसांसाठीचं यंत्र तयार झालं होतं.

सांधा आखडण्याची सुरुवात रक्त आणि सुजेचं पाणी साचण्याने होते. सांधा वाकताना आतला दाब वाढतो, उलटताना उतरतो, आणि या पिचकारीसारख्या क्रियेने साचलेला द्रव बाहेर ढकलला जातो. म्हणूनच मशीनचा खरा उपयोग पहिल्या काही दिवसांत. एकदा तिथे चिवट तंतू तयार झाले की मोटरच्या हळुवार हालचालीने ते सुटत नाहीत.

आता दुसऱ्या डॉक्टरांची बाजू. साध्या, गुंतागुंत नसलेल्या गुडघेबदलावर २०१४च्या कॉक्रेन आढाव्यात (वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा अभ्यास) २४ चाचण्या एकत्र पाहिल्या, सुमारे साडेचौदाशे रुग्णांच्या. मशीन वापरणाऱ्यांचा गुडघा स्वतःहून सरासरी फक्त २ अंश जास्त वाकत होता. २ अंश रोजच्या वागण्यात जाणवतही नाहीत. भूल देऊन गुडघा वाकवून मोकळा करायची वेळ मशीन वापरणाऱ्यांवर कमी आली असं दिसलं, पण तो पुरावा कच्चा आहे.

आमचं मत असं. गुडघेबदल सरळ पार पडला असेल, रुग्ण उठून चालत असेल, व्यायाम करत असेल तर मशीन नसल्याने काही बिघडत नाही आणि न परवडल्याची रुखरुखही नको. पण भूल देऊन गुडघा मोकळा केला असेल, आतली चिवट तंतूंची जाळी काढायचं ऑपरेशन झालं असेल, कूर्चेवर काम झालं असेल किंवा रुग्णाला काही कारणाने स्वतःहून हालचाल करता येत नसेल तर मशीनला वजन आहे. आणि कुठल्याही परिस्थितीत मशीन स्नायूत ताकद आणत नाही. सहा तास मशीनवर पडून, व्यायामाला आणि चालायला कंटाळा केला तर तो सौदा तोट्याचा.

प्रश्न: गुडघ्याच्या कूर्चेचं, हाडाला बारीक छिद्रं पाडण्याचं ऑपरेशन झालं आहे. रोज सहा ते आठ तास मशीन सांगितलं आहे. एवढा वेळ कसा काढायचा? झोपेत चालवलं तर?

या ऑपरेशनात इतके तास सांगतात हे बरोबर आहे. ६ ते ८ तास, सहा ते आठ आठवडे, मिनिटाला साधारण एक फेरी. इथे हेतू गुडघा जास्त वाकवण्याचा नाही. छिद्रांतून येऊन साकळलेल्या रक्तातून नवी कूर्चा तयार व्हावी, तिला भार न पडता घासती हालचाल मिळावी यासाठी ते आहे. म्हणून तासांत काटकसर नको आणि कोन वाढवण्याची चढाओढही नको. दोन-दोन तासांचे तीन-चार तुकडे केले तरी बेरीज धरली जाते.

झोपेत चालवायला सर्जनची परवानगी लागते. मिळाली तर आधी दिवसा डुलकीच्या वेळी एकदा करून पाहा. झोपेत माणूस कुशीला वळतो, वाटी छताकडून बाजूला फिरते आणि पाय पिळला जातो. रात्री वेग कमी, कोन दिवसापेक्षा १० अंश कमी, आणि रिमोट खाली पडू नये म्हणून उशाशी बांधलेला. आणखी एक: पाय मशीनमधून काढला म्हणजे त्यावर उभं राहण्याची मुभा मिळाली असं नाही. कुबड्या सर्जन सांगतील तेव्हाच सुटतात.

प्रश्न: पोटरी दुखते, जरा सुजलीही आहे. मशीनमुळे असेल का? तेलाने चोळून देऊ?

चोळू नका आणि आज मशीनही लावू नका. ऑपरेशननंतर एका पोटरीत दुखणं, सूज, गरमपणा असेल तर शिरेत गुठळी नाही ना हे आधी पाहावं लागतं, आणि चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आजच दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट तातडीच्या विभागात. ताप, जखमेतून पू, लाली पसरत जाणं, अचानक वाढलेली सूज, यांतही मशीन बंद आणि डॉक्टर आधी.

प्रश्न: खांद्याचा फाटलेला स्नायू शिवला आहे. खुर्चीसारखं मशीन आहे. त्यात बसलं की मानेजवळ दुखतं.

म्हणजे खांद्याच्या सांध्याऐवजी पूर्ण खवाटा वर उचलला जातोय. आरशासमोर बसा. हात वर जाताना खांदा कानाकडे चढत असेल तर ज्या कोनाला चढायला लागतो त्याच्या ५ अंश आधी मर्यादा लावा. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, कोपर ९० अंशांत आणि पूर्ण टेकलेलं. हाताचं वजन मशीनवर सोडून द्यायचं. शिवलेल्या स्नायूने हात स्वतःहून उचलायचा नाही, सत्र संपल्यावर बाहेर पडतानाही नाही. दुसऱ्या हाताने उचलून झोळीत ठेवा. बिजागरी खांद्याच्या टोकाच्या हाडाच्या रेषेत आली नाही तर सगळा ताण शिवणीवर जातो. पुढचा स्नायू शिवला असेल तर हात बाहेर वळवण्यावर वेगळी मर्यादा असते, तो आकडा सर्जनकडून लेखी घ्या.

कोपराचं मशीन वापरणाऱ्यांनीही बिजागरी कोपराच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या रेषेत ठेवावी. करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर होऊ लागलं तर कोपरातली नस ताणली जाते आहे. वाकवणं कमी करा आणि कळवा.

प्रश्न: सीपीएमऐवजी पायाने फिरवायचं, मोटर असलेलं पेडलचं यंत्र चालेल का?

सुरुवातीला नाही. पेडलची पूर्ण फेरी मारायला गुडघा साधारण १०५ ते ११० अंश वाकावा लागतो. तेवढा न वाकणारा पाय मोटर ओढून नेते, आणि कोनाची मर्यादा लावायची सोय त्यात नसते. ९० पार झाल्यावर, मोटर बंद ठेवून, पेडल पुढे-मागे झुलवणं मात्र चांगला व्यायाम आहे.

प्रश्न: भाड्याने आणलेलं मशीन स्वच्छ कसं करायचं? आणि ते परत कधी द्यायचं?

झोळे आणि पट्टे आधीच्या रुग्णाचे घेऊच नका, नवा संच मागा. ते कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवायचे, ओले लावले तर त्वचा सोलवटते. धातूचे भाग जंतुनाशकाने ओलसर केलेल्या कापडाने पुसा. रिमोटवर आणि मोटरवर काहीही फवारू नका. घेतानाच नॉब घट्ट बसतात का, दांडीवरचे आकडे वाचता येतात का, आणि मशीन ९० दाखवतं तेव्हा बिजागरी कोनमापकाने किती भरते हे पाहून घ्या.

परत देण्याची वेळ कॅलेंडरवरून ठरत नाही. पलंगावर स्वतः टाच सरकवून गुडघा जितका वाकतो, तितकाच मशीनमधला खरा, हाताने मोजलेला कोन असेल, आणि सलग तीन-चार दिवस मशीनने त्यात भर घातली नसेल तर त्याचं काम झालं. साध्या गुडघेबदलात हे बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत होतं. उलट सहा आठवडे होऊनही गुडघा ९०ला पोचला नसेल तर भाड्याची मुदत वाढवत बसू नका. भूल देऊन गुडघा मोकळा करण्याचा उपाय साधारण पहिल्या १२ आठवड्यांतच चांगला साधतो, म्हणून तेव्हाच सर्जनची वेळ घ्या आणि कोनांची वही सोबत न्या.